बोटावरचा आकडा

तिने त्याला दुकानातला नोकर समजून पाच वेळा शिडीवर चढवलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

गिर्यारोहणाच्या सामानाचं अरुंद दुकान, मालक जेवायला गेलेला, आणि हा माणूस दोरांच्या वेटोळ्यांत उभा. अडतीस नंबर काढा, नको, एकोणचाळीस दाखवा, यात पिवळे नाहीत का… तो बिचारा निमूटपणे चढत-उतरत राहिला. शेवटी म्हणाला, "आता भिंतीला लाथ मारा."

"का बरं?"

"वर बर्फाच्या भिंतीत अशाच मारायच्या आहेत. अंगठा आत आपटला, तर बूट लहान."

अंगठा आपटला नाही, पण भिंतीवरचं घड्याळ निखळलं. त्याने ते अलगद झेललं, पुन्हा खिळ्याला अडकवलं आणि गालातल्या गालात हसला. पुढच्या आठवड्यात मोहिमेच्या पहिल्या बैठकीला हाच माणूस पुढे उभा राहून सांगत होता की, मी तुमचा म्होरक्या, वर माझा शब्द शेवटचा. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. मनातल्या मनात मात्र तिने त्याचं नाव बूटवाला ठेवून टाकलं.

ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर मान खाली घालून लोकांचे दात घासायचे, हात तसूभरही हलू द्यायचा नाही. हात स्थिर असले तरी बाकीचा स्वभाव धरसोडीचा. पोहणं, व्हायोलिन, एक ठरलेलं लग्न, सगळं अर्ध्यावर सोडलेलं. दोन वर्षांपूर्वी एका सोप्या शिखरावरूनही ती दम लागला म्हणून मधूनच परतली होती. या वेळी निघताना मोठी बहीण दारात म्हणाली होती, "जा बाई. परत कधी येणार ते नाही विचारत, कुठून येणार ते सांग." ताई थट्टाच करत होती, पण ते वाक्य तिच्या पिशवीत येऊन बसलं होतं.

पायथ्याच्या तळावर रोज सूर्य कलला की जेवणाच्या तंबूत सगळ्यांची तपासणी व्हायची. बोटाला एक चिमट्यासारखं यंत्र लावायचं, त्यावर रक्तातला प्राणवायू आणि नाडीचे ठोके दिसायचे, ते वहीत उतरवायचे. नियम साधा होता. बसल्या जागी नाडी सलग तीन संध्याकाळी एकशे वीसच्या वर गेली, की माणूस खाली.

बोट गार असेल तर यंत्र नीट चालत नाही. म्हणून तो आधी प्रत्येकाचं बोट तळहातात धरून गरम करायचा. बँकेतून निवृत्त झालेल्या आजोबांचं करायचा, तसंच तिचंही करायचा. त्याच्या तळहाताला दोरांनी घट्टे पडले होते, नजर घड्याळावर असायची आणि तोंडाने तो हळूच म्हणायचा, "दातवाल्या बाई, श्वास घ्या की…"

पहिल्या संध्याकाळी एकशे चोवीस.

त्याने डोकं दुखतंय का, झोप लागली का, पोटात अन्न जातं का, सगळं विचारलं. तिला काहीही होत नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी आत जाण्याआधी तिने अर्धा तास डोळे मिटून वरचे-खालचे मिळून बत्तीस दात मनातल्या मनात मोजले. आकडा आला एकशे अठ्ठावीस. त्याच्या कपाळावर आठी पडली.

तिसऱ्या दुपारी ती स्वयंपाकाच्या तंबूत चहा घेत बसली होती. स्वयंपाकी काकांनी तिचा उतरलेला चेहरा पाहिला आणि फळीवरचं यंत्र उचलून सहज तिच्या बोटाला लावलं. चौऱ्याऐंशी. पुन्हा लावलं, ब्याऐंशी. काकांनी एकदा आकड्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि कांदा चिरायला घेतला. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि आनंद व्हायचं सोडून तिला घामच फुटला.

सांगायचं कसं हो हे? शिखर मिळावं म्हणून म्होरक्यावर जाळं टाकते, असंच वाटणार त्याला. आणि नाही सांगावं, तर चालू लागायचं खाली, पुन्हा अर्ध्यावरून. संध्याकाळपर्यंत तिने तळाला चाळीस फेऱ्या मारल्या.

एकशे एकतीस आले. त्याने वही मिटली.

"उद्या सकाळी तुम्ही खाली जा," तो म्हणाला. आवाज कोरडा होता, पण तो तिच्याकडे पाहत नव्हता. मागे एकाने आजार लपवला होता, त्याला पाठीवर घालून भिंतीवरून उतरवावं लागलं होतं, तेव्हापासून आपण कोणासाठी नियम मोडत नाही, असं त्याने सांगितलं. बाकीचे जेवणाकडे वळले.

ती जागची उठली नाही. "काकांना लावायला सांगा यंत्र."

"यंत्र तेच आहे."

"हात वेगळा आहे," ती म्हणाली. "मी आजारी नाही. दुपारी चौऱ्याऐंशी होती. तुम्ही हात धरला की ती अशी… मला खाली पाठवा हवं तर, पण चुकीच्या कारणासाठी नका पाठवू."

काका हात पुसत आले. आकडा आला अठ्ठ्याऐंशी. मग त्याने तिचं बोट पुन्हा तळहातात घेतलं आणि यंत्र मात्र स्वतःच्या दुसऱ्या हाताला लावलं. एकशे एकोणीस.

"बारा वर्षं येतोय मी इथे," तो हळू आवाजात म्हणाला. "माझी सत्तरच्या वर जात नाही. म्हणजे आता अडचण दोघांची झाली."

"मग… दोघं खाली जायचं?"

"नाही. तू वर जायचंस. पण माझ्या दोरावर नाही." तिला पहिल्यांदा तू म्हटलंय, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. "माझं डोकं तिथे शांत लागतं. मी पुढे असेन आणि मागे वळून बघणार नाही. तू तुझे पाय बघ."

तिला दुसऱ्या दोरावर, मागच्या गाइडबाईंकडे देण्यात आलं. बर्फाची भिंत चढायच्या दिवशी सगळे पहाटे निघाले, उजाडताना बर्फ निळं होतं. लाथ, पाऊल, लाथ, पाऊल. वर त्याची पाठ दिसत होती, आणि ती पाठ खरोखरच वळली नाही. अर्ध्या उंचीवर वरून बर्फाचा तुकडा सुटला, तिच्या खांद्याला घासून गेला, आणि तिच्या तोंडून किंकाळी निघाली. ती दोरावर लोंबकळली.

वरची पाठ थांबली, वळली मात्र नाही. त्याच्या दोरावरचे आजोबा त्याच्या भरवशावर उभे होते. त्याचं डोकं तेवढं खाली गेलं आणि कपाळ बर्फाला टेकलं. तो तसाच उभा राहिला, गाइडबाईंनी "ठीक आहे, चालू द्या" असं ओरडून सांगेपर्यंत.

त्या टेकलेल्या कपाळाकडे बघूनच तिने पुढची लाथ मारली. अर्ध्यावर सोडायचं तिला त्या दिवशी सुचलंच नाही. माथ्यावर पोचली तेव्हा तो वळून उभाच होता. त्याने तिच्या जाड हातमोज्यावर आपला जाड हातमोजा ठेवला.

दोन दिवसांनी सगळे सुखरूप तळावर उतरले. संध्याकाळी तपासणी झाली, यंत्र काकांच्या हातात होतं. एकशे सव्वीस. काकांनी पेन कानावर खोचलं आणि म्हणाले, "आधी तो दुसरा हात सोडा बघू, म्हणजे मला वहीत काहीतरी लिहिता येईल."

त्याने काही सोडला नाही. ती रेघ वहीत अजून कोरीच आहे.