तेल लावलेला पियानो

टेम्पोवाल्याने सरळ हात वर केले. "मॅडम, पुढे रस्ता नाही, पायऱ्या आहेत. मी निघालो."

आणि खरंच, माझा पियानो भर रस्त्यात उतरवून तो निघून गेला! जानेवारीतली दुपार. आजूबाजूच्या कलमांना मोहोर आलेला, समोर आमच्या घराकडे चढणाऱ्या जांभ्याच्या चौदा पायऱ्या आणि मी पियानोला टेकून रडायच्या बेतात.

"विकायचाय?"

मी वळून पाहिलं. मोटारसायकलवर एक उंच, सावळा मुलगा. हसत होता... आणि माझी ही अवस्था असताना हसत होता, म्हणून मला त्याचा रागच आला.

"चढवायचाय," मी म्हटलं.

"मग रडता कशाला? आमच्या होड्या याच्याहून जड असतात."

अर्ध्या तासात तो भाट्याच्या किनाऱ्यावरून चार जण, दोरखंड, फळ्या आणि गोल ओंडके घेऊन आला. पायऱ्यांवर फळ्या, फळ्यांवर ओंडके, आणि किनाऱ्यावर होडी ओढतात तसा, आरोळ्या ठोकत, त्यांनी पियानो वर ओढला. साऱ्या आळीच्या खिडक्या उघडल्या. बाबा नुसते "सांभाळून रे, सांभाळून" करत मागे-पुढे नाचत होते.

"मी रूपेश. होड्या दुरुस्त करतो," घाम पुसत तो म्हणाला.

"मी वैदेही. पियानो वाजवते. चहा घेणार ना?"

"चहा राहू द्या. वाजवा."

प्रवासात पियानोचे सूर हलले होते. तरी वाजवला. याला काय कळणार आहे, असं मनात म्हणत वाजवला. खोटं कशाला सांगू?

तसं माझं पियानोशी जमलं ते आठव्या वर्षी, उल्काटीचरांच्या घरी. रत्नागिरीत "पियानो शिकते" म्हटलं की लोक पेटी समजायचे आणि गणपतीत आरतीला साथ करायला बोलवायचे. मीही जायचे! पण टीचरांनी पंधरा वर्षं माझ्यावर मेहनत घेतली, मुंबईला नेऊन एकेक परीक्षा द्यायला लावली. आता त्या लेकीकडे पुण्याला कायमच्या राहायला गेल्या आणि जाताना पियानो माझ्या नावाने ठेवून गेल्या.

रूपेश मग येतच राहिला. कधी बाबांचा पंप दुरुस्त करायला, कधी आईने सांगितलेले बोंबील द्यायला. काम झालं की ओटीवर बसून ऐकायचा.

"हे परवापण वाजवत होतात," एकदा तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"मधे एका ठिकाणी तुम्ही ओठ चावता... दर वेळी तिथंच."

माझी पट्टीच चुकली. "ऐकायला येतोस की बघायला?"

"दोन्हीला," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मे महिन्यात मुंबईच्या एका संगीत अकादमीची जाहिरात आली. दोन वर्षांचं शिक्षण, निवडक मुलांना शिष्यवृत्ती. वयाच्या अटीमुळे माझी ही शेवटची संधी होती. चाळीस मिनिटांचं वादन रेकॉर्ड करून एक जूनपर्यंत पाठवायचं होतं. मी चार दिवस टीचरांकडे पुण्याला तयारीला गेले. आई-बाबा चिपळूणला लग्नाला. घराची किल्ली रूपेशकडे.

तीस मे. घरात पाऊल टाकलं आणि नाकाला रुमाल लावला. रूपेश पियानोपाशी उभा होता, खुशीत.

"आतून सगळ्याला तेल लावलंय. माशाचं, चांगलं मुरलेलं. पावसाळ्यात होड्या वर घेतो तेव्हा लावतो ना, तेच. आता याला काही होत नाही!"

मी झाकण उघडलं. तारांवर आपटणाऱ्या लोकरीच्या इवल्या हातोड्या तेलाने थबथबल्या होत्या. पट्टी दाबली. बद्द. दुसरी दाबली... बद्द.

"परवा पाठवायचं होतं मला," माझा आवाज चिरकला. "तुला कळतं काय यातलं? कशाला हात लावलास? जा तू!"

तो किल्ली टेबलावर ठेवून गेला. पियानो दुरुस्त करणाऱ्यांना गोव्याला फोन केला तर ते म्हणाले, हातोड्या बदलायला महिना लागेल. त्या दिवशी मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रूपेशची आई, ठमाबाई, मासळीची टोपली घेऊन दारात उभी.

"बाय, पोरानं काल पाण्याचा घोटपण घेतला नाय. माझी नणंद सोनूबाय चिपळुणात मासळी विकते, जवळच्या अलोऱ्याच्या कॉलनीतपण जाते ती. तिथं एका सायबांकडं असलाच काळा पेटारा हाय म्हणते. सायबांना फोन झालाय. जातेस?"

कोकणात कुणाच्या घरात काय आहे ते मासळीवालीला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? तासाभरात मी रूपेशच्या, होड्यांचं सामान नेणाऱ्या पिकअपमध्ये होते. चिपळूण आलं.

"का केलंस?" शेवटी मी विचारलं.

"होडी चार महिने उभी राहणार असली की तेल लावतात. तुमची निवड होणार. दोन वर्षं याला कोण वाजवणार? म्हटलं... परत याल तेव्हा नीट असावा."

मला स्वतःला निवडीची खात्री नव्हती. आणि हा माझं जाणं गृहीत धरून बसला होता, परत येणंही. मला इतकं भरून आलं की मी खिडकीबाहेर बघत बसले.

साहेब निवृत्त इंजिनियर होते. पियानो त्यांच्या पत्नीचा. त्या गेल्या, तरी साहेब दर वर्षी तो सुरात लावून घेत. रेकॉर्ड करायला रूपेश फोन धरून उभा राहिला. चाळीस मिनिटं हात हलला नाही त्याचा. मी वाजवलं, मनापासून, आणि तो ऐकतोय हे ठाऊक असताना.

संपलं तेव्हा त्याची बोटं आखडली होती. ती मी हातात घेतली आणि चोळत बसले.

"काल बोलले ते... चुकलं माझं."

"खरंच बोललीस की. मला नाही कळत यातलं."

"गेले तर दोन वर्षं थांबशील?"

"थांबू कशाला? रेल्वे आहे ना... मी येईन."

निवड झाली, आणि तो येत राहिला. तिसऱ्या वर्षी मुंबईत माझा पहिला एकल कार्यक्रम ठरला. सभागृह भरलेलं. पहिल्या रचनेचे तीन भाग होते. दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नसतात, हे मी रूपेशला सांगायलाच विसरले!

पहिला भाग संपला. शांतता. आणि चौथ्या रांगेतून कडकडून टाळ्या... एकट्याच्या. तो उभाच राहिला होता. माना वळल्या, कुणीतरी "श्श" केलं. त्याचे हात हवेतच राहिले, चेहरा उतरला.

मी पियानोवरून उठले. त्याच्याकडे वळून वाकून नमस्कार केला. मग बसून दुसरा भाग सुरू केला.

कार्यक्रमानंतर आमच्या अकादमीच्या बाईंनी भुवई उंचावली. "कोण होता तो?"

"माझा होणारा नवरा."

दारात उभा असलेला रूपेश चमकला. "मला कुणी विचारलंच नाही!"

"विचारतेय की," मी म्हटलं. "करशील?"

त्याने मान डोलावली, दोन-तीनदा.

"मग वाजव टाळ्या," मी म्हटलं. "आता चालतात."