बर्फाच्या कारखान्यामागची चार पिल्लं

आपल्या मनी मांजरीला पुढे चार पिल्लं झाली आणि चार घरांनी ती घेतली, तर बिघडलं कुठे? जलजा चोगलेला हे कोडं काही केल्या सुटेना. साखरखाडीच्या कोळीवाड्यात दारोदार फिरून तिने चार घरांचे होकार मिळवले होते. तिचे आबा मात्र उद्याच मनीचं निर्बीजीकरण (पुढे पिल्लं होऊ नयेत म्हणून भूल देऊन करायची छोटी शस्त्रक्रिया) करून घेणार होते. आबा प्राणिशास्त्रज्ञ. हट्टाला हट्टाने उत्तर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी सौर होड्या धुणाऱ्या आपल्या यंत्रमानवाला, खलाशीला, अंगणात बोलावलं.

खलाशीच्या डोळ्यांतून प्रकाश पडला आणि अंगणात उजेडाची चार पिल्लं बागडू लागली. जलजा हरखून गेली. यातल्या दोन माद्या आहेत असं समजू, खलाशी म्हणाला. मांजर सहा महिन्यांत वयात येतं. मग मनीला आणि त्या दोघींना चार-चार, म्हणजे बारा पिल्लं. आता माद्या झाल्या नऊ, त्यांची छत्तीस. त्यानंतर एकशे आठ. दोन वर्षांत एकूण एकशे साठ! अंगण भरलं, कुंपण भरलं, आबांच्या टकलावरसुद्धा दोन जाऊन बसली.

"हे सगळी जगली तर," खलाशी म्हणाला. "घर नसलं की बरीचशी जगत नाहीत."

एकेक पिल्लू विझत गेलं. जलजाला रडू आवरेना. तिने फक्त पहिल्या वेताची घरं मोजली होती.

बर्फाच्या कारखान्यामागे कुणीतरी सोडून दिलेली चार पिल्लं ट्रकच्या चाकांखाली झोपतात, असं आबांनी सांगितलं. जलजा तडक तिकडे धावली आणि पिल्लं टोपलीत घालून त्याच चार घरी गेली. तीन घरं लगेच तयार झाली. हेमांगीकाकी मात्र अडून बसली. तिला मनीचंच पिल्लू हवं होतं. काकी बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायची.

"काकी, बोली पक्की झाली की तू कुणाला माघार घेऊ देत नाहीस," जलजा म्हणाली. "परवा तू मला पिल्लाला घर देते म्हणालीस. या पिल्लाला घर नाहीये गं."

काकीने टोपलीतलं काळं पिल्लू उचलून पदरात घेतलं.

जलजा रिकामी टोपली नाचवत घरी आली. आपण जिंकलो, असं तिला अगदी आतून वाटत होतं.

"आबा, उद्या मनीला दवाखान्यात मीच घेऊन येते," ती म्हणाली. "आणि परवापासून वाड्यातल्या सगळ्या मांजरांची यादी करायची. खलाशीला सांगून ठेवा."

त्या दिवशी कारखान्यामागचे ट्रक निघाले, तेव्हा चालकांना एकाही चाकाखाली वाकून बघावं लागलं नाही.