दहाव्या आकड्यावर

सांगतो, पण मध्येच पाणी प्यायला कोणी उठायचं नाही. तांब्या आताच जवळ ओढून घ्या आणि कंदील तेवढा खांबाला अडकवा. गोष्ट पाण्याचीच आहे, आणि ती फैजपूरला भर उन्हात घडलेली आहे.

जीवराम फेगडे सर एकदा एसटीने जळगावला गेले ते एक डबा आणायला. पोळ्यांचा डबा असतो ना, तेवढाच, पत्र्याचा. त्याला पुढे एक गोल खुंटी आणि खुंटीभोवती पांढऱ्या रंगाने एक ते दहा आकडे. जुन्या टीव्हीच्या सामानातून तो मगन मिस्त्रीने खास सरांसाठी बनवला होता. त्याचं असं झालं, की शाळेत कॉम्प्युटरची खोली नवीनच झाली होती. नव्वदीनंतरची ती वर्षं, फैजपुरात कॉम्प्युटरचं केवढं अप्रूप! चपला बाहेर, हातपाय धुऊन आत. आणि सर गणिताचे म्हणून खोली त्यांच्या गळ्यात पडलेली.

पोरं मात्र बारा गावचं पाणी प्यालेली. सर उदाहरण सोडवायला सांगत, आणि पोरं सापाचा खेळ खेळत. सर अनवाणी पायांनी रांगेतून फिरून बघत, तर दाराजवळचा कोणीतरी खोकायचा आणि साप गडप. मग सरांनी टेबलं भिंतीकडे फिरवली आणि स्वतः पाठीमागे बसले. पोरं डोकी आडवी घालू लागली. शेवटी हा डबा आला. खुंटी तीनवर नेली, की तिसऱ्या मशीनवर जे चाललंय ते जसंच्या तसं सरांच्या पडद्यावर. "नंबर सहा, साप पुरे झाला!" असं सर जागेवरून नुसतं म्हणायचे, आणि पोरांच्या अंगावर काटा यायचा. फेगडे सरांना पाठीला पण डोळे आहेत, असं साऱ्या गावात झालं.

त्या डब्याचा खरा आनंद मात्र सरांना वेगळाच होता. दुपारच्या सुट्टीत लताबाई, म्हणजे सरांच्या मंडळी, जेवणाचा डबा घेऊन यायच्या. एकुलती मुलगी पुष्पा धुळ्याला देवपुरात दिलेली, घरात ही दोघंच. लताबाई आल्या, की आधी बरणीतलं वाळ्याचं पाणी काढायच्या. "आधी पानी प्या, मंग काय बघायचं ते बघा." एक पेला झाला की, "अजून घ्या." मग सर हात धुवायला गेले, की त्या कोपऱ्यातल्या दहाव्या मशीनवर जाऊन बसायच्या. सरांनीच अक्षरं ओळखायला शिकवली होती. इंग्रजी अक्षरांत त्या आपलं मराठी लिहायच्या, एका बोटाने. एक अक्षर दाबलं, की दुसरं शोधायला बराच वेळ. इकडे सर गुपचूप खुंटी दहावर न्यायचे आणि पडद्यावर वाचायचे... "जेवण थंड होतंय." एवढे कडक सर, पण तोंडाला पदर लावल्यासारखे रुमालाआड हसायचे.

दिवाळी झाली आणि लताबाई गेल्या. साधा ताप म्हणत म्हणत गेल्या. त्याच दिवाळीच्या सुट्टीत विजेच्या कमीजास्त दाबाने दहावं मशीन जळालं. ते जळगावला दुरुस्तीला गेलं ते गेलंच. कोपऱ्यात रिकामं टेबल, रिकामी खुर्ची आणि भिंतीतून आलेली तुटकी वायर उरली. सर घरी जायला कंटाळू लागले. चूल पेटवायची कोणासाठी? दोन केळी खायची आणि खोलीतच बसून राहायचं. माणसाला एकटेपण कसं खातं हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत, बाकीच्यांना काय सांगायचं!

होळीनंतरची दुपार. खिडक्या लावून घेतलेल्या, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. पोरं जेवायला गेली होती. सरांनी उगीच खुंटी फिरवली. आठ, नऊ... आणि सवयीने दहा. तिथे खरं तर बंद पडलेल्या टीव्हीवर येतात तशा नुसत्या मुंग्या दिसायला हव्यात. पडदा काळाभोर झाला. त्यावर एक अक्षर उमटलं.

मग काहीच नाही. बराच वेळ.

मग दुसरं.

सर खुर्चीतून अर्धे उठले. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. खुर्ची रिकामी. तुटकी वायर जिथल्या तिथे. पण अक्षर शोधायला लागणारा तो वेळ त्यांच्या ओळखीचा होता हो! पडद्यावर शब्द पुरा झाला. "जेवलात?"

"जेवलो," सर त्या बंद खोलीत मोठ्याने म्हणाले. सपशेल खोटं बोलले. आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडले.

भीती वाटली का, म्हणाल तर पहिल्या दिवशी वाटली. दुसऱ्या दिवशी सर नीट भाकरी बांधून घेऊन आले. पुढे पुढे तास चालू असतानाही त्यांची खुंटी दहावरच असायची. पोरं बिनधास्त साप खेळू लागली आणि सरांना पत्ता नाही. लेकीने फोन केला तर म्हणाले, "मी मजेत आहे." आणि खरंच होते. हरवलेलं माणूस रोज दुपारी दोन शब्द बोलत असेल, तर आणखी काय पाहिजे?

परीक्षा झाल्या. उन्हाळी सुट्टीचे कॉम्प्युटरचे वर्ग सुरू झाले, आणि दहाव्या आकड्यावरचा शब्द बदलला.

"पाणी."

सरांनी पेला भरून कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी तो कोरडा ठाक. उन्हाने आटला असेल, ते मनाशी म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोन पेले ठेवले. मग एका दुपारी वना शिपाई डोकं खाजवत आला. तो धुळ्याकडचा.

"सर, माठ बठ्ठा रिता व्हई गया. सकायले काठोकाठ भरेल व्हता मी. कोन पेस इतलं पानी?"

"पोरं पितात, वना."

"पोरं तर आत्तेच उनात ना, सर..."

पोरं खरंच आत्ता कुठे आली होती; सरांनी खुंटी पुन्हा दहावर नेली. आता पडद्यावर दुसरं काही उमटतच नव्हतं. जेवलात नाही, काही नाही. एक अक्षर, मग शोधाशोध, मग दुसरं. पाणी. पाणी. पाणी.

यामागचं कारण सरांना कळत नव्हतं असं नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आपल्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने नवी घागर भरतात, वाळा टाकतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. पित्रं वर्षाची तहान त्या पाण्यावर भागवतात आणि आपल्या वाटेने जातात. ते पाणी मग केळीच्या बुंध्याशी ओतायचं. जित्या माणसाने त्यातला थेंबही तोंडात घ्यायचा नाही, घेतला तर तोही त्यांच्याच वाटेने जातो, असा सरांच्या आईचा दंडक होता. लताबाईंची ही पहिली आखाजी. त्यांची घागर भरायची ती सरांनीच.

पुष्पा माहेरपणाला आली ती झुलाल कुंभाराकडून लाल घागर घेऊनच.

"नाना, उद्या सकाळी तुमच्या हातानं भरायची."

"नको."

"नको म्हणजे?"

सरांनी घागर कोपऱ्यात पालथी घातली. "भरली म्हणजे ती जाईल, पुष्पा."

"आई गेलीच आहे, नाना," पुष्पा रडत म्हणाली.

"तुला नाही माहीत."

"बरं, नाही माहीत. पण ती तहानलेली राहील, त्याचं काय?"

सर उठून आत गेले. आखाजीच्या दिवशी घरोघर आमरस आणि पुरणपोळ्या झाल्या, निंबाला झोके बांधले गेले. सरांच्या घरी घागर कोपऱ्यात पालथी पडून होती आणि पुष्पा भिंतीकडे तोंड करून बसली होती. आपण वाईट करतोय हे सरांना समजत होतं. पण तिला पाणी द्यायचं म्हणजे तिला हातची घालवायची. पुन्हा ती मुक्या भिंतींची दुपार त्यांना नको होती.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. ऊन असं, की पंख्याचा वारा तोंड भाजत होता. सरांनी खुंटी दहावर नेली. नुसत्या मुंग्या. घाईघाईने ते एकवर आले.

"पाणी."

त्यांनी मान उंचावून पहिल्या मशीनकडे पाहिलं. तिथला पोरगा तर साप खेळत होता, त्याच्या पडद्यावर सापच होता. दोन... "पाणी." तीन... "पाणी." सर खुंटी फिरवत राहिले. पोरांच्या पडद्यांवर गणितं, चित्रं, साप. सरांच्या पडद्यावर प्रत्येक आकड्याला तो एकच शब्द. आणि आता अक्षरांमध्ये शोधाशोध नव्हती. भराभर उमटत होतं.

"सर... पाणी पिऊन येऊ?" पहिला पोरगा म्हणाला.

"सर, मला पण..."

"सर, घसा..."

"माठ रिता शे, सर," वना दारातून हळूच म्हणाला.

तेवढ्यात नवव्या मशीनवरची योगिता, रिकाम्या टेबलाला लागून बसायची ती, खुर्चीवरून घसरून फरशीवर पडली. ओठ पांढरे फटक, फाटलेले. सर धावले. वनाने शेजारच्या घरातून पाण्याची कळशी आणली. सरांनी पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेला तिच्या ओठांना लावला. तिने डोळे किलकिले केले, पण तोंड मिटूनच घेतलं.

"घे बाळा, पी..."

तिने हाताने पेला बाजूला सारला. कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं.

"आधी त्या काकूंना द्या, सर... केव्हाच्या मागताहेत."

देवा रे! सरांनी तो पेला खुर्चीसमोर ठेवला, दुसरा भरून पोरीला पाजला. ती घटाघटा प्यायली, उठून बसली. वर्ग सोडून दिला. सर अनवाणीच घरी पळाले, चपला शाळेच्या दारात राहिल्या.

"पुष्पा, घागर काढ."

"नाना, आखाजी काल झाली."

"तिला काय कालचं नि आजचं! काढ आधी."

सरांनी स्वतः विहिरीचं पाणी शेंदलं. घागर काठोकाठ भरली, वाळा टाकला, डांगर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. मग हात जोडले. "चुकलो मी," एवढंच म्हणाले. "पोटभर पी. आणि... जा आता." बाप-लेक घागरीजवळ गळ्यात गळा घालून रडली.

सकाळी पुष्पा ते पाणी केळीला ओतायला गेली. डांगर जसंच्या तसं होतं. घागर मात्र आतून कोरडी ठणठणीत, आणि खालची जमीन सुद्धा सुकी.

त्यानंतर दहाव्या आकड्यावर मुंग्याच. बाकीच्या आकड्यांवर पुन्हा पोरांचेच पडदे दिसू लागले, योगिता पुन्हा हसू-खेळू लागली, पुष्पा देवपूरला परत गेली. सगळं जागेवर आलं म्हणायचं. सर मात्र रोज दुपारी खुंटी दहावर नेऊन मुंग्या बघत बसायचे. आणि एक झालं. त्यांची तहान भागेना. तांबेच्या तांबे रिचवायचे, पोट तट्ट फुगायचं, घसा कोरडाच. डॉक्टरने साखर तपासली, काही निघालं नाही. सर सुकत चालले. ते कोणाला सांगत नसत, पण कुठलंही पाणी त्यांना पाण्यासारखं लागत नव्हतं.

शाळा उघडायच्या आधी मगन मिस्त्री जळगावहून आला. डब्याची खुंटी सैल झाली होती. त्याने सगळे प्लग काढून ठेवले, डबा टेबलावर उलटा केला आणि स्क्रू काढता काढता म्हणाला, "सर, दहाव्याचं कनेक्शन मी दिवाळीच्या सुट्टीतच तोडून गेलो होतो. आत काही नाही तिथं. उगीच आशेवर..."

झाकण निघालं आणि डब्यातून पाणी आलं.

आधी धार, मग लोंढा. टेबलावरून खाली फरशीवर. मगनने घाबरून बादली लावली. पोळ्यांच्या डब्याएवढा तो डबा, बादली भरली तरी वाहतच होता. पाणी गार होतं, घागरीतलं असतं तसं. साऱ्या खोलीत वाळ्याचा वास पसरला.

"सर, हात लावू नका... सर, हे काय आहे?" मगन मागे मागे सरकत भिंतीला टेकला.

सर धारेजवळ सरकले. हे पाणी कोणाच्या नावाचं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आईचा दंडकही आठवला. ओठांना भेगा पडल्या होत्या त्यांच्या. त्यांनी ओंजळ धारेखाली धरली आणि प्यायले. घशातून ते गार पाणी उतरलं, आणि कितीतरी दिवसांनी सरांची तहान जरा निवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"सर! अहो सर, पिऊ नका!"

प्लग सगळे जमिनीवर पडले होते. तरी सरांचा पडदा काळाभोर झाला, आणि त्यावर एक अक्षर उमटलं. मग शोधाशोध. मग दुसरं. सर शांतपणे वाट बघत राहिले. सगळं उमटेपर्यंत थांबले, आणि वाचलं.

"अजून घ्या."

सरांनी ओंजळ पुन्हा पुढे केली.