शून्य धोका

जनुकतुलेच्या पडद्यावर शून्य उमटलं. डॉ. मृण्मयी खांबेटे यांनी चाचणी पुन्हा लावली. पुन्हा शून्यच.

समोर बसलेले डॉ. श्रीनिवास उपासनी हसले. ही तुला त्यांनीच उभारलेली, मृण्मयी त्यांची विद्यार्थिनी, आणि आता ते तिचे रुग्ण. त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. "शाळेत कधी मिळालं नाही, ते शून्य म्हातारपणी मिळालं बघ."

कंपवात झालेल्या प्रत्येकाची बुद्धी ढळत नाही. काहींचा हात कापतो, पण डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. कोणाच्या नशिबी काय, ते बऱ्याच अंशी जनुकं ठरवतात. जनुकतुला ही जनुकं एका निरोगी नमुन्याशी ताडून पाहते. फरक जितका जास्त, तितका धोका मोठा. धोका असलेल्यांना बुद्धीची ढळ रोखणारी शमनलस मिळते. मात्र ती बुद्धी ढळण्याआधीच द्यावी लागते.

"सर, शून्य कोणालाच येत नाही. सख्ख्या भावांतही फरक निघतो. आणि तुम्ही तर परवा घरचा रस्ता चुकलात."

"वय झालं गं."

"तुलेतला निरोगी नमुना कोणाचा आहे?"

सकाळचा नाश्ता उपासनींना आठवत नव्हता, पण प्रयोगशाळेचे पहिले दिवस स्वच्छ आठवत होते. "तेव्हा रक्त द्यायला कोण येणार? सगळेच करायचे तेच मी केलं. बाही वर केली. चांगला धडधाकट होतो. पुढे बदलू म्हटलं, ते राहूनच गेलं." त्यांनी पडद्यावरच्या शून्याकडे पाहिलं. "म्हणजे आज मला माझ्याशीच तोललं."

दुसऱ्या नमुन्याशी ताडल्यावर धोका अगदी वरच्या टोकाला गेला. त्यांच्यासाठी लशीची वेळ टळून गेली होती. मृण्मयीला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"दिव्याखाली अंधार, दुसरं काय," उपासनी म्हणाले. "पण ज्यांची जनुकं माझ्यासारखी, नेमकं त्यांनाच आपण निर्धास्त राहा म्हणून घरी पाठवलं. त्यांना अजून लस लागू पडेल. नंबर दे. चूक माझी, फोनही मीच करणार."

पहिला फोन बार्शीच्या इंदुमती गुंड यांना. उपासनींनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, माफी मागितली, उद्या यायला सांगितलं. समाधानानं फोन ठेवला. मग पुन्हा उचलला आणि तोच नंबर लावला.

पलीकडचा आवाज मृण्मयीलाही ऐकू आला. "डॉक्टर, आत्ताच तर सांगितलं की तुम्ही. येते म्हणलं ना उद्या."

उपासनींनी फोन मृण्मयीच्या हातात दिला.

"पुढचे तू कर," ते म्हणाले.