चिंचखारच्या समुद्रावर आळ

साहेब, तुमच्या खात्याने समुद्रावर आळ घेतला. कोजागिरीच्या उधाणाने चिंचखारचा बांध फोडला, बांधातल्या दाराची, उघाडीची झडप लाटांनी तोडली, असं लिहून मोकळे झालात. समुद्र सुनावणीला येत नाही, वकील लावत नाही, म्हणून तुमचं फावलं. वर हुकूम काढलात: पाहणी होईपर्यंत त्या खिंडाराला, खांडीला कुणी हात लावायचा नाही. मग आठवडाभर तुम्ही फिरकला नाहीत. रोज दोन भरत्या त्या खांडीतून आत आल्या, बांधाचा लचका तोडून परत गेल्या. हे कुणाच्या सोयीचं होतं?

समुद्राचं वकीलपत्र अखेर रुबिना मुकादमने घेतलं.

रुबिना श्रीवर्धनची, मासळीच्या व्यापाऱ्यांच्या घरातली. विमा कंपनीसाठी खोटे दावे उकरता उकरता तिने अलिबागला स्वतःची शोधसंस्था काढली. संस्था म्हणजे ती आणि प्रज्योत. प्रज्योत अंगाने दणकट, प्रामाणिक, आणि डोक्याने जरा सावकाश.

रुबिनाला कमळताईंनी बोलावलं होतं. त्या सकाळी त्यांच्या ओटीवर प्रज्योत नुसता बघत उभा राहिला.

खाली नजर पोचेल तिथवर खार, समुद्र अडवून काढलेली भातजमीन, पाण्यात होती. कापणीला आलेलं भात पिवळं पडून आडवं झालेलं. त्यापलीकडे मातीचा लांबच लांब बांध, त्याच्या बाहेर तिवरांची, खारफुटीच्या झाडांची हिरवी भिंत, मग खाडी. बांधाला एकाच जागी खिंडार, उघाडीच्या अगदी शेजारी. एवढं पाणी आत शिरलं, पण गावातलं एक जोतंसुद्धा भिजलं नव्हतं. सगळी घरं माळावर, एकाखाली एक.

"ताई, हे सगळं कुणी मांडलं हो?"

"बांध आमच्या आज्यापणज्यांनी घातला. मी फक्त विधानसभेत भांडले," कमळताई म्हणाल्या. तीनदा आमदार झालेली ऐंशीची बाई, पायात साधी रबरी चप्पल. "पोरं वाढली, खारीत घरं बांधायला निघाली. मी बोलले, माळावर गावठाण वाढवून द्या. तिवर बाहेर, बांध मध्ये, भात आत, घर वर. ही एवढी गोष्ट सरकारच्या गळी उतरवायला माझी सगळी उमर गेली. आता तेच लोक सांगतात, ताईंनी तिवर तोडू दिली नाय, म्हणून बांधाला यंत्र पोचलं नाय, म्हणून खांड पडली."

"आज काय आहे?" रुबिनाने विचारलं.

"दुपारच्या ओहोटीला खात्याचे साहेब पाहणीला येतात. 'खार नापीक' असा शेरा मारला की आराखड्यातला शेतीचा हिरवा रंग पुसला. मग भराव, मग वसाहत. आणि आज भांगाचं पाणी, नरम. खांड बांधायची तर आज. अमावास्येचं उधाण आलं की काय उरत नाय."

"संशय?"

"गावाचा माझ्या भाच्यावर, निकेतवर. वसाहतवाल्यांकडे मोजणीला हाय. गावात तुळशीरामसारखी माणसंही हायत. खारकमिटीचा अध्यक्ष. शिमग्यानंतर खारीतली तळी आटतात तेव्हा काढायचा मासा, त्याने दसरा झाल्या झाल्या काढला. कटला, रोहू घरोघर वाटला. आणि खांड पडली त्या पहाटे सगळ्यांच्या आधी उघाडीपाशी त्यानेच उडी घेतली. गळ्याएवढ्या पाण्यात, एकटा."

"जिताडा नाही वाटला?" रुबिनाने सहज विचारलं.

"काय मॅडम!" प्रज्योत हसला. "जिताडा साहेब लोकांना जातो. गावाला कटलाच."

रुबिना हसली नाही.

निकेत माळाच्या पायथ्याशी मोटरसायकलवर बसला होता. गावात शिरायची हिंमत नव्हती.

"त्या रात्री पनवेलला होतो. खोलीतल्या पोरांना विचारा," तो तुटकपणे म्हणाला. "मी मोजणी करतो, मॅडम. आत्याचा बांध मोजला, तेव्हा खरं वाटेना म्हणून परत मोजला. यंत्र नसताना माणसांनी कसा घातला असेल तो? मी तो फोडीन?"

"भराव कोण टाकणार आहे?"

"इथलीच माणसं. गावचेच डंपर लावायचे ठरलंय. कुणाचे, ते मला नाय सांगत."

खाडीच्या तोंडाशी मोहम्मदचाचा जाळं सुकवत होते. ताईंचं आणि त्यांचं बोलणं बंद होतं. तिवरांपायी त्यांच्या बोटींचा धक्का बांधायचा अडला होता.

"आली का पोलीस?" ते गुरगुरले.

"पोलीस नाही चाचा, श्रीवर्धनच्या मुकादमांची मुलगी."

"मग बस. भांडण माझं ताईशी हाय, तिच्या भाताशी न्हाय. तोच तांदूळ माझ्या घरात शिजतो. त्याच्याशी बेइमानी करीन?"

"कोजागिरीला उघाडीपाशी कुणी दिसलं?"

"परकं कुणी न्हाय. सांजेला ओहोटीत बोट लावली, तेव्हा तुळशीराम उघाडीत उतरून गाळ काढत होता. म्हटलं, सणाच्या दिवशी सुद्धा? काय माणूस हाय! रात्री सगळा गाव दुधाला देवळापुढे, हा पण तिथेच."

"गाळ काढून कुठे टाकला होता?"

चाचा विचारात पडले. "गाळ... ते काय दिसलं न्हाय बा."

बांधावरून चालताना रुबिना मध्येच थांबली. तिवरं जिथे दाट होती, तिथे बांधाचं एक ढेकूळ हललेलं नव्हतं. तिने हात लावून पाहिला. एवढ्या मोठ्या समुद्राला ही चिखलात उभी राहिलेली झाडं आणि ही हाताने थापलेली माती अडवत होती.

उघाडी म्हणजे बांधातलं दगडी दार. त्याच्या बाहेरच्या अंगाला वरून लोंबणारी जाड लाकडी झडप. ओहोटीला खारीतलं पाणी तिला बाहेर ढकलून निघून जातं. भरतीला समुद्रच तिला दाबून दार लावतो. माणूस लागत नाही. प्रज्योतने चिखलात उतरून झडप ढकलली. ती मऊ झोक्यासारखी हलली.

"बरी आहे की!"

"खालचं कडं बघ."

कड्यावर शेवाळ होतं, शिंपल्या चिकटलेल्या. फक्त वरच्या अंगाला सगळं घासून निघालेलं, लोखंड उघडं पडलेलं.

तुळशीराम तळ्याकाठी उकिडवा बसला होता. शेजारच्या तळ्यांवर घारी घिरट्या घालत होत्या. कडेला कटले, रोहू उताणे पडून सडत होते.

"गोड्या पाण्याचा जीव, बाय. खारं लागलं की संपला," त्याने डोळे पुसले. "गावाची बरकत गेली."

त्याच्या तळ्यात काहीतरी जोरात उसळलं.

"केवढा हो!" प्रज्योत ओरडला.

"जिताडा. त्याला काय, खारं-गोडं सारखंच."

त्याच्या अंगणात दोन कोरे डंपर उभे होते. प्रज्योत परतताना म्हणाला, "देवमाणूस आहे."

"तेच मला खुपतंय," रुबिना म्हणाली. "ज्याच्या त्याच्या तोंडी याचं पुण्य."

दुपारच्या ओहोटीला साहेब आले, बांधावर उभे राहिले आणि घड्याळ पाहिलं. सगळा गाव जमला होता. निकेत मागे, चाचा बाजूला.

"नैसर्गिक आपत्ती आहे," साहेब म्हणाले. "झडप तुटली, त्याला कोण काय करणार?"

"प्रज्योत, साहेबांना झडप दाखव."

प्रज्योतने झडप ढकलली. ती झुलली. मागची माणसं बघायला पुढे सरकली.

"तुटलेली झडप हीच का, साहेब? खाली उतरून कुणी पाहिलं होतं?" उत्तराची वाट न पाहता रुबिना पुढे बोलू लागली. "झडप शाबूत आहे. तरी पाणी आत आलं, म्हणजे ती उघडी धरून ठेवली होती. हे कडं बघा. दोर भरतीभर घासला आणि लोखंड उघडं पडलं. उघड्या दारातून उधाण घुसलं, आत-बाहेर घुसळत दाराशेजारची माती खात गेलं. म्हणून खांड इथेच पडली. तिवरांमागे बांध जसाच्या तसा आहे. दोष तिवरांचा नाही, ताईंचाही नाही."

"दोर कुणी बांधला?" चाचांनी विचारलं.

"झडप ओहोटीतच बाहेर उचलली जाते. म्हणजे सांजेला, उजेडात, तिथे उतरायला हवं. चाचा उतरले असते तर गावाने हटकलं असतं. निकेत उतरला असता तर मारला असता. ज्याला कुणीच विचारणार नाही, असा एकच माणूस. त्याला तुम्ही पाहिलंत आणि त्याचं कौतुक केलंत. गाळ काढत होता, पण काढलेला गाळ कुठेच नव्हता."

सगळ्या माना तुळशीरामकडे वळल्या.

"पहाटे हाच आधी उडी मारून गेला. बांध वाचवायला नाही, दोर सोडायला. तरीही मी शंका घेतली नसती, पण याचं मन मऊ पडलं. हातचे मासे मरतील हे याला बघवेना. खाऱ्यात मरणारे कटला, रोहू आधीच काढले आणि वाटले. जाळ्यात जिताडाही आला असणार. तो निवडून परत तळ्यात सोडला, कारण तो जगतो. तुळशीरामदादा, समुद्र आत येणार हे तुम्हाला दसऱ्यालाच कुणी सांगितलं?"

तुळशीराम ताईंकडे वळला.

"ताय, पोरांचे डंपर दारात नुसते उभे होते. बोलले, खार भिजली की शेरा पडंल, भरावाचं काम तुमालाच. नुसतं भिजवायचं होतं. बांध फुटंल असं सपान बी न्हाय पडलं."

"कोण बोललं?"

त्याने मान वर केली, साहेबांच्या गाडीकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

कमळताई त्याच्याजवळ गेल्या. सगळ्यांना वाटलं, आता थोबाडीत बसणार.

"उतर खाली," त्या म्हणाल्या. "आधी बांध. पोलीस मागून."

मग जे झालं, ते प्रज्योत आयुष्यभर विसरणार नाही. बाकी कुणाला कुणी हुकूम दिला नाही. माणसं खांडीत उतरली. चिखलाची ढेकळं हातोहात पुढे सरकू लागली, बाया, म्हातारे, निकेत, तुळशीरामचे पोरगे. चाचांच्या बोटींतून दगड आला. ज्या हातांनी कधीकाळी समुद्र मागे सारला होता, तेच हात जणू पुन्हा जमिनीतून उगवले.

"हे बेकायदा आहे! पाहणी पूर्ण झालेली नाही!" साहेब ओरडले.

ताई खारीत उतरल्या, गुडघाभर पाण्यात. आडव्या पडलेल्या भातात एक पट्टा ताठ उभा होता. खाऱ्यातही तगणारं जुनं तांबडं भात, 'राता'. सभागृहात हसं झालं तरी त्याचं बियाणं जपायला लावलं होतं ते त्यांनीच. आठवडाभर खारं पाणी पिऊन त्याच्या लोंब्या भरल्या होत्या. त्यांनी एक मूठ उपटली आणि चिखलासकट साहेबांसमोर धरली.

"खार नापीक, असं लिहिणार ना तुम्ही? मग माझ्या हातात हे काय हाय? आणि या तुळशीरामला आमच्या दारात समुद्र घ्यायला कुणी सांगितलं?"

साहेब गाडीकडे वळले. वाटेत गाव उभा होता. कुणी हलला नाही.

"भरतीला अजून अवकाश हाय, साहेब," कमळताई म्हणाल्या. "बोला."