मेलेल्यानं बोलायचं नसतं

ही खरी घडलेली गोष्ट आहे.

पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही. फक्त एक विनंती... कधी भेटलात तर ही गोष्ट मला तोंडी सांगायला लावू नका. मी लिहूनच सांगते. का, ते शेवटी कळेल.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. तळ्याकाठचं घर, सुट्टीचा दुसरा दिवस, जेवणं नुकतीच उरकलेली. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांना त्या घरातली ती दुपार दाखवायला हवी होती.

घडलं ते माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. घरात सगळे तिला धाकटी म्हणतात, कारण तिच्या वर ताई होती.

होती... मागच्या सुट्टीत त्याच घरात ती गेली. तळघराच्या जिन्यावरून पडून.

मित्रांसोबत गेली होती. 'मित्र' हा शब्द मी नाइलाजानं वापरतेय.

तिघं होते. पहिला कप्तान. घर त्याच्या काकांचं, ऐट याची. गळ्यात कायम शिट्टी आणि तोंडात कायम नियम. दुसरी डॉक्टरीण. अजून डॉक्टर झाली नव्हती, दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा बसली होती, पण कुणी नुसतं शिंकलं तरी ही नाडी धरायची. तिसरा फोटोवाला. जेवणाआधी ताटाचा फोटो काढायचा, आणि जेवून झाल्यावर रिकाम्या ताटाचाही.

ताई गेली तेव्हा तिघंही मावशीसमोर खाली मान घालून बसले होते. "काकू, तिनं जरा जास्तच घेतली होती. अंधारात तोल गेला. आम्हाला सापडली तेव्हा गेलेलीच होती." तिघांचं एकच वाक्य, शब्दाला शब्द.

मावशीनं विश्वास ठेवला. लेक गेली ती गेली, वर दारुडी ठरून गेली. तेव्हापासून मावशीनं शेजारीपाजारी जाणं सोडलं. ताईचा फोटोसुद्धा भिंतीवर लावला नाही.

धाकटीला मात्र ते कधीच पटलं नाही. ज्या ताईला दारूचा वास आला तरी मळमळायचं, ती पिऊन पडली? ताईला कुणीतरी ढकललंय, आणि तो कप्तानच, अशी तिची खात्री होती. म्हणून वर्षभरानं तिघांनी 'ताईच्या आठवणीत दोन दिवस' अशी टूम काढून तिला बोलावलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली. आईवरचा तो डाग तिला पुसायचा होता. बाकी त्या घरात तिचं काही काम नव्हतं.

आठवणीचा सोहळा बघण्यासारखा होता. टेबलावर ताईचा फोटो मांडलेला. ग्रुपचाच फोटो, ज्यात तिघं झकास आलेत आणि ताईचे डोळे अर्धवट मिटलेत. पुढे सुवासिक मेणबत्ती. डॉक्टरीण रडली. फोटोवाला म्हणाला, उजेड बरोबर नव्हता, पुन्हा एकदा रड. ती पुन्हा रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फोटोवर कॉफीचे मग ठेवलेले होते.

धाकटी सगळं बघत होती.

तळघराच्या दारासमोर कप्तानानं जडच्या जड सोफा लावून ठेवला होता. दुपारी जेवून सगळे दिवाणखान्यात आले, तर तो सोफा...

भिंतीपासून वीतभर पुढे आलेला.

कुणी सरकवला, म्हणून कप्तान खेकसला. प्रत्येकानं दुसऱ्याकडे बघितलं. सरकवायला एकटा माणूस पुरला नसता. कप्तान हसला आणि म्हणाला, चला, एक डाव होऊन जाऊ दे.

डाव म्हणजे खून-खून. या मंडळींचा लाडका खेळ. पडदे ओढून अंधार करायचा. कप्तान चिठ्ठ्या वाटणार, फुलीची चिठ्ठी मिळेल तो खुनी. खुन्यानं अंधारात कुणाच्या तरी मानेवर दोन बोटं टेकवायची. ज्याच्या मानेवर टेकली तो मेला. त्यानं आहे तिथेच आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, आणि गप्प. मग दिवा लावून डॉक्टरीण नाडी बघणार आणि 'गेली' म्हणून जाहीर करणार. बाकीचे प्रेताभोवती बसून खुनी कोण यावर वाद घालणार, आणि शेवटी एका सुरात विचारणार, "कोणी मारलं?" तेव्हा मेलेल्यानं नुसतं बोट दाखवायचं. कप्तान 'डाव संपला' म्हणेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

नियम मोडला की वर्षभर टर उडायची. डॉक्टरिणीनं एकदा कुणाला तरी खरंच लागलंय म्हणून डाव थांबवला होता. निघालं काहीच नाही. तेव्हापासून ती भित्री भागूबाई.

ताई प्रेताचं सोंग फार छान वठवायची. गुदगुल्या केल्या तरी पापणी हलायची नाही.

मागच्या वर्षी हाच खेळ चालू असताना ती गेली. तो डाव अर्धाच राहिला. प्रश्न कुणी विचारला नाही, आणि 'डाव संपला' असंही कुणी म्हटलं नाही.

जिथे मैत्रीण मेली तिथेच हे लोक पुन्हा तोच खेळ मांडत होते. यांना लाज नावाची गोष्ट जन्मतःच वाटून दिली नसावी. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं चिठ्ठी उचलली. कोरी निघाली.

पडदे ओढले. कप्तानानं शिट्टी वाजवली.

आणि सगळं एकदम शांत झालं...

स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर थांबली. तळ्यावरची पाखरं गप्प झाली.

धाकटी भिंतीला हात लावून सरकत होती. खिडकीपाशी फोटोवाला नाक ओढत होता. जेवणाच्या टेबलाजवळ कप्तानाची शिट्टी शर्टाच्या बटणावर आपटत होती. डॉक्टरीण कुठेतरी फिदीफिदी हसत होती.

तिघं तीन कोपऱ्यांत.

तेवढ्यात तिच्या मानेवर...

दोन बोटं टेकली. गार.

ती आडवी झाली. डोळे मिटले. लाकडी जमीन पाठीला टोचत होती. आणि मग तिला जाणवलं, की तिच्या शेजारी आणखी कुणीतरी आडवं झालंय.

श्वास ऐकू येत नव्हता. नुसता हात आला. तिच्या हातात शिरला.

त्या हाताची करंगळी वाकडी होती.

ताईची करंगळी लहानपणी कपाटाच्या दारात चेमटली होती. ती कधी सरळ झालीच नाही.

धाकटी घाबरली. पण भीतीपेक्षा तिला रडू जास्त आलं. वर्षभरानं बहिणीचा हात हातात आला होता. तिनं तो घट्ट धरला, आणि ओठ दाबून पडून राहिली.

दिवा लागला. तिघांना शेजारी कुणी दिसलं नसावं. धाकटीनं डोळे उघडले नव्हते. हात तिच्या हातातच होता.

"मी अजून कुणाला मारलंच नाही," फोटोवाला म्हणाला. फुलीची चिठ्ठी त्याच्या मुठीत होती. कप्तानानं त्याला नाटकी म्हटलं आणि डॉक्टरिणीला पुढे ढकललं.

तिनं धाकटीचं मनगट धरलं... आणि चटका बसावा तसं सोडलं.

"बोल ना, गेली म्हण," कप्तान म्हणाला.

"मंद आहे," डॉक्टरीण पुटपुटली. "तशीच."

कप्तानानं तिच्याकडे डोळे वटारले. मग घाईघाईनं, डाव उरकून टाकायचा म्हणून, त्यानं आणि फोटोवाल्यानं विचारलं, "कोणी मारलं?"

धाकटीनं हात उचलला नाही. तो उचलला गेला. तिच्या मुठीत कुणाची तरी मूठ होती, आणि ती तिचं बोट वळवत होती... कप्तानावरून पुढे.

बोट थांबलं तेव्हा धाकटीनं डोळे उघडले.

बोट डॉक्टरिणीवर होतं.

"मी नाही ढकललं!" डॉक्टरीण कप्तानाकडे वळून किंचाळली. "ढकललं यानं, मजा म्हणून. मी फक्त नाडी बघितली होती."



"चालू होती," ती म्हणाली. "केसांत ओलं लागलं होतं. पण मी डाव थांबवला असता तर हे पुन्हा हसले असते. मी 'गेली' म्हटलं. आपण वेफर्स खात बसलो. खुनी कोण, खुनी कोण... तेवढा वेळ ती सगळं ऐकत होती."

"गप्प बस," कप्तान म्हणाला.

मग बोट हळूहळू कप्तानाकडे वळलं.

आणि सोफ्यामागचं तळघराचं दार आतून करकरलं...

मित्रांची जी पळापळ झाली ती मला बघायला मिळाली नाही, याचं आजही वाईट वाटतं. तिघंही ढुंगणाला पाय लावून पळाले. कप्तानाची चप्पल दारात राहिली. फोटोवाल्याला पळता पळता कॅमेरा मात्र उचलायचं सुचलं. धाकटी तशीच पडून होती. एकालाही तिला हाक मारावीशी वाटली नाही.

'डाव संपला' म्हणायला या वेळीही कुणी थांबलं नाही.

धाकटी घरी आली आणि तिनं आईला सगळं लिहून सांगितलं. मावशी उठली, ताईचा फोटो काढला, पदरानं पुसला आणि भिंतीवर लावला. पोलिसांतही जाऊन आली. तिथे तिघांनी पुन्हा तेच एक वाक्य सांगितलं. फोटोवाल्यानं कॅमेऱ्यातलं सगळं पुसून टाकलं होतं. डॉक्टरीण म्हणे पास झाली. आता कुणाचंही मनगट धरलं तरी तिला नाडी मंदच लागते, असं कानावर येतं. लागू दे.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण परवा दुपारी मी मावशीकडे गेले. दार उघडंच होतं. खोलीत धाकटी जमिनीवर सरळ आडवी झाली होती, डोळे मिटून. तळवा अर्धवट वळलेला, त्यात कुणाचा तरी हात असावा तसा. मावशी पलीकडे भिंतीला टेकून शेंगा सोलत होती. दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा सोडलेली होती.

हे रोजचंच आहे, मावशी म्हणाली. दुपारी ती येते.

"मावशी, तो डाव कुणीतरी संपवायला हवा," मी म्हटलं.

"संपवला तर ती जाईल," मावशी म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

मला राहवलं नाही. दोनच शब्द तर होते. मी तोंड उघडलं...

स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर थांबली.

आणि माझ्या मानेवर दोन बोटं टेकली. गार. त्यातलं एक वाकडं होतं.

मी तिथेच आडवी झाले. संध्याकाळी उठले, घरी आले. तेव्हापासून माझ्या तोंडातून एक शब्दही निघालेला नाही.

म्हणून लिहून सांगतेय.