नाथाच्या शक्तीच्या गोळ्या

"भाऊ गेला आनि ही अजून याच घरात," असं म्हणून मोरू कोळी उंबऱ्याबाहेर थुंकला.

कळव्याच्या खाडीकाठी, १९९४ साली. नवऱ्याला, नाथाला, विष घातल्याचा आळ दिरानेच, मोरूने, तिच्यावर घेतला, तेव्हा सगुणा डोंबिवलीचे खासगी गुप्तहेर चांगदेव साळवे यांना घेऊन आली. कोळीवाड्यात तिच्या हातचं पाणीही कुणी घेत नव्हतं. साळव्यांचा सोबती पोपट यालाही बाईचाच संशय होता.

पण शवात विष सापडलं नव्हतं. नाथा जिवंत असतानाच त्याच्या मांडीच्या स्नायूचा तुकडा डॉक्टरांनी तपासायला धाडला होता. पेशीला ताकद पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए त्यात फार घटला होता. "एक तर जन्मजात दोष, नाही तर एखादं औषध," असं डॉक्टर म्हणाले होते.

"नाथा आधीपासून दुबळा होता?" साळव्यांनी विचारलं.

"नाय. दोघांचं जाळं एकटे ओढायचे," सगुणा म्हणाली. "गेल्या साली ताप हटेना. भावजी शक्तीच्या गोळ्या आनायचे. मंग पाय गळाले."

"तुझ्याशी कसे वागायचे?"

"वेगळे निजायचे. दाढीचं पातं पन लपवायचे. मना वाटलं, माझ्यावरनं मन उडालं."

मोरू उसळला. "मुंबैच्या दवाखान्यातनं आनायचो, डॉक्टरच्या चिठ्ठीवर! त्यात विष व्हतं काय?"

"शक्तीच्या गोळ्यांना मुंबईची चिठ्ठी कशाला?" साळवे शांतपणे म्हणाले. "आणि पाय गळाल्यावर इथल्या डॉक्टरांना त्या दाखवल्या का नाहीत?"

पोपटला अजून काही उमगेना. साळव्यांनी उलगडून सांगितलं.

"जन्मजात दोष असता, तर नाथाने एकट्याने जाळं ओढलं नसतं. म्हणजे औषध. मी डॉक्टरांना विचारलं, असं कुठलं औषध? ते म्हणाले, एड्सच्या विषाणूला अडवणारं. ते विषाणूबरोबर या डीएनएलाही मारतं. न हटणारा ताप, वेगळं निजणं, लपवलेलं पातं, सगळं तिकडेच बोट दाखवतं. गोळ्यांनी पाय गेले, रोगाने जीव. मोरू, तुला सगळं ठाऊक होतं. वाड्यात नाव जाऊ नये म्हणून तू खुनाचा आळ हिच्यावर टाकलास."

"भावाची लाज राखली," मोरू पुटपुटला.

"आणि ही? हिलाही लागण असेल, हे मनात आलं नाही?"

पोपटला तिच्याकडे बघवेना.

सगुणाने पदर खोचला. "भावजी, उद्या सकाळी रगत तपासायला जायचंय. तुमी यायचं संगती. वाड्यातून, सगल्यांसमोर, माझ्या बाजूनं चालत."